लिंबूटिंबू

डंडीत जानेवारीत साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
आमचं ऑफिस जुन्या ज्यूट गिरणीत, चौथ्या मजल्यावर.
भिंतींना अजून देवमाशाच्या तेलाचा वास येतो, म्हणते कॅट्रिओना.
मला येतो तो तिच्या सूपचा.

माझ्या कामाबद्दल आई शेजारी सांगते,
‘कॉम्प्युटरमध्ये आहे.’
खरं तर मी दऱ्या मोजते.
किती रुंद ठेवली तर भीती वाटेल
पण माणूस परत फिरणार नाही.
पलीकडच्या छपरावर दिवा ठेवायचा की नुसती मांजर,
म्हणजे न सांगता नजर तिकडे जाईल.
आज सकाळपासून एक कौल
उजवीकडे सरकवते आहे, पुन्हा डावीकडे.
याचा पगार मिळतो.

मंगळवारी खेळून बघायला लोक येतात.
मिस्टर अबरनेथी, वय एकाहत्तर, टपालखात्यातून निवृत्त,
बिस्किटांसाठी येतो असं स्वतःच सांगतात.
तिसऱ्या छपरावरून ते अकरा वेळा पडले.
ओरडले नाहीत, कंट्रोलर आपटला नाही,
फक्त अंगठ्याकडे बघितलं,
पत्ता चुकलेल्या पाकिटाकडे बघावं तसं.

नियम साधा आहे: पाय सुटला की उडी नाही.
पण नियमाच्या पोटात आम्ही एक चोरकप्पा ठेवतो.
पाय सुटल्यावरही चार फ्रेम
हवेलाच जमीन मानायचं.
सेकंदाचे साठ तुकडे, त्यातले चार.
खेळणाऱ्याला हे कधी कळू द्यायचं नाही.
अबरनेथींचा अंगठा पडत होता
पाचव्यावर, पाचव्यावर, सहाव्यावर, पाचव्यावर.
नोंदीत सगळं दिसतं.

ल्यूइस म्हणाला, चार पुरेत. सहा म्हणजे लबाडी.

इचलकरंजीत, मागांच्या खडखडाटात,
आम्ही विषामृत खेळायचो बोळात.
मी सहा वर्षांची, सगळ्यांत बुटकी.
दोन वर्षं मला कुणी विष दिलं नाही.
माझ्या पायांत वारं आहे, असंच मी धरून चालले होते,
प्रमिलाताईच्या लग्नात भर पंगतीत
कुणीतरी हसत म्हणेपर्यंत,
‘ही? ही तर आमची लिंबूटिंबू.’
पानातली जिलबी तशीच राहिली.

ल्यूइसला हे इंग्रजीतून सांगायला गेले,
तर त्याचं लिंबाचंच काहीतरी झालं.
‘फळ?’ त्याने विचारलं.
मी म्हटलं, जाऊ दे.
आणि तो सूप गरम करायला उठला तेव्हा
चाराचे सहा केले.
एक आकडा. कप धुतला, घरी गेले.
टे नदीवरचा पूल धुक्यात निम्माच होता.

पुढच्या मंगळवारी अबरनेथी
पहिल्याच खेपेला पलीकडे.
त्यांनी खोलीत वळून बघितलं, कुणी पाहिलं का.
म्हणाले, आठवडाभर सराव केला,
स्वयंपाकघरात, टेबलाच्या कडेवर, पाणी उकळेपर्यंत,
असा. आणि अंगठा दाबून दाखवला.
मी हसले, जशी प्रमिलाताई हसली असेल.

संध्याकाळी नोंद उघडली.
दोन. तीन. दोन.
सहा सोडाच,
त्यांना चारही लागले नव्हते.

बराच वेळ त्या आकड्यांपुढे बसून राहिले.
कॅट्रिओनाने जाताना दिवा घालवला,
मी आहे हे तिला दिसलंच नाही.
सहाचे परत चार मी केले नाहीत,
कुठल्यातरी बोळात कुणी बुटकं असेलच.

पण आता वाटतं,
त्या दोन वर्षांत, एखाद्या तरी संध्याकाळी,
माग बंद पडलेले, बोळ एकदम शांत,
मी खरोखरच कुणाच्या हाताला लागले नसेन.
पळाले असेन.
त्याची नोंद कुणी ठेवली नाही.