शेऱ्याचा रकाना

वही घेतली ती भांडणामुळं.
अकरा साड्या दिल्या मी, मुनीम म्हणाला दहा,
आणि माझ्याजवळ पुराव्याला नुसतं तोंड.
मग खडेबाजारातून दोनशे पानी आणली,
पट्टी धरून रकाने आखले:
तारीख, नग, दर, शेरा.

पहिल्या महिन्यात शेऱ्यात एवढंच:
करंट नाही, दोन ते चार.
धोटा तुटला.
करंट नाही.
जर संपली, मंगळवारी देतो म्हणाले.

वडगावात करंट गेला
की सगळ्या गल्लीचे माग एकदम गप्प होतात.
कानात मात्र खटक-खटक चालूच राहते,
हात धुतल्यावरही बोटांना लसणीचा वास राहावा तशी.
अशाच एका गप्प दुपारी
रकान्यात जागा उरली होती म्हणून लिहिलं:
'समोरच्या पत्र्यावर मांजर. तिला तीनच पाय आहेत.
एवढ्या वर्षांत मी बघितलं नव्हतं.'

तिथून बिघडलं.
रकाना पुरेना. शेरा दराच्या चौकटीत घुसला,
मग नगाच्या,
मग पान उलटून पाठीमागं गेला.

हे म्हणाले, 'काय लिवालीस गे एवढं?
कोण वाचणार हाय?'
खरंच होतं. आमच्या घरात येतो तो कागद कानडी,
लाइटचं बिल, रेशनचं, पोरीच्या शाळेचं;
खाली सही तेवढी माझी, मराठीत, वळणदार.
कोण वाचणार, ह्याचं उत्तर काही सुचलं नाही.
त्या रात्री लिहिलं:
'आज आमटीला मीठ जास्त. हे काही बोलले नाहीत.
न बोलण्याची मजुरी मिळती तर
आम्ही एव्हाना तिसरा माग घेतला असता.'
आणि एकटीच हसले, अंधारात, तोंडावर पदर धरून.

कुणी म्हणेल, लिहिणंही विणणंच की, बाई.
नव्हे.
विणलेलं सोमवारी टेम्पोत जातं,
कुणाच्या अंगावर, कुठल्या लग्नात, मला कळत नाही.
लिहिलेलं कुठं जात नाही.
पिठाच्या डब्यावर असतं, पुठ्ठ्याला पीठ लागून.

मिळतं काय, म्हणाल तर
आधी दिवस दिसायचाच नाही.
ताण्यातला धागा दिसतो तेवढाच दिसायचा,
तुटला की.
आता रात्री काहीतरी लिहायचंय
म्हणून सकाळपासनं डोळे उघडे ठेवते.
गल्लीच्या तोंडाशी एक पोरगं कानडीत पाढे म्हणतं
आणि चुकलं की स्वतःला मराठीत शिव्या देतं.
हे माझं. हे मुनीमाला मोजता येत नाही.

त्याच्यावरचा रागही आहे एका पानावर, दाबून लिहिलेला,
मागच्या पानाला फोड आलेत.
चार महिन्यांनी वाचला तर खाली एक ओळ:
'त्याच्या चपलेला सेफ्टी पिन होती.'
राग माझाच होता.
पिनही मीच बघितली होती.

मडिवाळप्पा गेले त्याला वर्ष होईल.
परवा करंट नव्हता, नीलव्वा दारात येऊन बसली.
मांडीवरची वही बघून म्हणाली,
'येन बरियाकत्ती?'
मी काही बोलले नाही. मागची पानं चाळत गेले.
सापडलं:
'मडिवाळप्पा आले. सुई मागितली.
शर्टाचं बटण स्वतःच लावतो म्हणाले,
बायको झोपलीय, उठवत नाही.'

मराठीत होतं. मी कानडीत वाचलं,
अडखळत, शब्द हुडकत.
नीलव्वानं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली.
'इन्नोम्मे,' म्हणाली.
पुन्हा वाचलं.
'इन्नोम्मे.'
तिसऱ्यांदा माझं कानडी जरा बरं झालं होतं.

त्या दिवसाचे नग दोन. दर तोच.
शेरा लिहायला घेतला आणि करंट आला.
गल्ली खडखडाटानं भरून गेली,
हे आतून ओरडले.
मी लगेच उठले नाही.
दोन ओळी राहिल्या होत्या.