चौथी खाच

मे महिन्यात अच्युतचा गुडघा बदलला
आणि मोअर माझ्या हाती आला.
नॉक्सव्हिलच्या या उतारावर एकोणीस वर्षं
तो फक्त त्याचाच होता,
पेट्रोलचा डबा, कानावरचे ठोकळे, शनिवारची सकाळ.
मी आत. चहा, आणि खिडकीतून दिसणारी त्याची पाठ.

पहिल्याच दिवशी मी सगळ्यात खालची खाच लावली.
म्हटलं, एकदाच काय ते भादरून टाकू,
सुट्टी लागली की पोरांची डोकी भादरायचे, तसं.
महिनाभर बघायला नको.

चार दिवसांत सगळं उघडं पडलं,
पिवळे खुंट, लाल माती,
कुणाचा तरी जुना गोल्फचा चेंडू.

शेजारची व्हर्ना टटल आली. ऐंशीच्या पुढची,
बाहीत रुमाल खोचलेला, पायात मुलाचे बूट.
वाकली, आणि चारी चाकांचे खटके
एकेक करून वर ओढले. चौथी खाच.
मग म्हणाली, "तिसरा हिस्सा.
त्याहून जास्त एका वेळी कुणाकडूनच घेऊ नये."
मोअर कलता करून पात्यावर अंगठा फिरवला,
"हे कापत नाही, चावतं."
खरंच होतं. लॉनभर टोकं चिंध्या होऊन
पांढरी पडली होती.
पात्यानं पात्याशी असं वागावं!

ऑगस्ट सरता सरता बियाण्याच्या दुकानात गेले.
टोपीवाला पोरगा सांगत होता,
आपला हा मुलूख धड इकडचा ना तिकडचा.
उत्तरेचं गवत इथल्या जुलैत धापा टाकतं,
दक्षिणेचं डिसेंबरात वाळून कडबा.
"तुम्हाला कोणता ऋतू सोसणार नाही,
तेवढं ठरवा."

एका पोत्यावर लिहिलेलं, बर्म्युडा. शेहेचाळीस डॉलर.
चष्मा कपाळावर सरकवून मी चित्र जवळून पाहिलं.
अगं बाई, ही तर हरळी!

मिरजेजवळ हळदीच्या वाफ्यात
माझा मामा हिच्यामागे दिवसदिवस कुदळ घेऊन.
एक पेर मातीत राहिलं की पंधरा दिवसांत हजर.
शिव्यांचा सगळा साठा त्यानं हिच्यावरच संपवला,
मामीच्या वाट्याला एकही उरली नाही.
आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी हाच मामा
बांधावर उकिडवा बसून
कोवळी त्रिदळं निवडायचा, चकार शब्द न काढता.

पोत्यावर जरा हात फिरवला
आणि फेस्क्यू घेऊन घरी आले.
ते उंच राहतं. स्वतःच्या मुळांवर
स्वतःच सावली धरतं. आम्हाला तेच परवडेल.

हरळी काय, व्हर्नाकडून कुंपणाखालून
फुकट येतेच आहे.

व्हर्नाचा भाचा वर्षातून तीनदा फवारतो,
पिवळी झेंडी रोवून जातो, दोन दिवस पाय ठेवू नका.
गणपतीच्या आठवडाभर आधी मी कुंपणाशी गेले.
"तुझं थोडं गवत हवंय. एकवीस जुड्या."
"कशाला?"
"देवाला."
ती त्या झेंडीकडे बघत राहिली.
मी म्हटलं, नसेल जमत तर राहू दे.
"मागचं सगळं अंगण ने," ती म्हणाली,
"पण ह्या वर्षी नको. ह्या वर्षी तुझ्याच बाजूचं खुड.
ही कड मी त्याला आता फवारू देणार नाही."

आता दर शनिवारी मी फिरते,
एका खेपेला उभी, पुढच्या खेपेला आडवी,
म्हणजे गवताला एकाच अंगाला झुकायची खोड लागत नाही.
दव वाळेपर्यंत थांबते.
कापलेलं गोळा करत नाही,
पडतं तिथेच जिरतं.

कुंपणाशी आले की वीतभर सोडून वळते.
खिडकीत अच्युत काठीनं काच वाजवतो,
ओठ दिसतात, कडेची पट्टी राहिली!
माझ्या कानांवर ठोकळे असतात.
मी हात हलवते.