दहा पावलं अलीकडे

पहिल्या वर्षी आम्ही झेंडे लावले.
शब्बीर टेलरकडच्या लाल चिंध्या, तुराटीच्या काड्यांना बांधून
गिरणेच्या कोरड्या पात्रात,
भडगावच्या पुलापासून पार मसणवटीच्या वळणापर्यंत.
अकरा झेंडे, अकरा घरटी.
घरटं म्हणजे काय, टाच रुतावी एवढा खळगा,
आणि त्यात नदी सुरयची दोन-तीन अंडी,
वाळूच्याच रंगाची, चिखलाचे शिंतोडे उडाल्यासारखी.
वाळूच्या ट्रॅक्टरवाल्यांना दिसावं म्हणून लावले होते.
दिसलं कावळ्यांना.

चार दिवसांत ते झेंडे वाचायला शिकले.
वहीत आहे, माझ्याच अक्षरात :
घरटी अकरा. पिल्लं शून्य.
'कारण' या रकान्यापाशी पेन अडलं.
पंडितनाना म्हणाले, लिही,
आपण.

दुसऱ्या वर्षी नुसता दगडावर दगड,
तोही घरट्यापाशी नाही,
दहा पावलं अलीकडे, गावाच्या अंगाला.
कावळ्याला दहा मोजता येत नाहीत
असं आमच्या मंडळाचं मत आहे. अजून तरी.

पण दहा पावलं कुणाची?
नानांची बत्तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडण्यात गेली,
त्यांचं पाऊल अजूनही धक्का बसेल या बेताने पडतं.
रुचिरा कबड्डीची, तिची दहा म्हणजे नानांची सतरा.
दोन रविवार वाद.
शेवटी इंदूताई पाचपांडे उठल्या, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर,
अडलेल्या बाळंतिणीकडे जातानाही
आणि लग्नाच्या पंगतीला जातानाही ज्यांची चाल तीच.
त्या चालल्या. आम्ही मागून मोजलं.
तेव्हापासून भडगावात एक माप आहे :
इंदूताईंची दहा.

आठ वाजले की पात्राबाहेर.
पक्षी उठला तर अंडं उन्हात शिजतं,
इथलं ऊन वांगं भाजायला काटक्या मागत नाही.
मग पुलावरून बघायचं, वर्गणीच्या दुर्बिणीतून,
जिच्या एका पायाला सायकलची ट्यूब गुंडाळली आहे.

तिथेच भेटला भिला.
दिवसा झोपतो, रात्री ट्रॅक्टर, दिवे बंद करून.
आम्ही तलाठी नाही, पोलीस नाही,
त्याने चारदा खात्री करून घेतली.
मग म्हणाला, माले बी दखाडा एकडाव.

दुर्बिणीत तेव्हा ती येत होती.
डोहात पोट बुडवून आलेली,
ओल्या पोटानेच अंड्यांवर बसली.
परत उडाली, परत भिजून आली.
भिला बराच वेळ डोळा लावून होता.
काही बोलला नाही. चहाचे पैसे मात्र त्याने दिले.

वाळू त्या रात्रीही गेली. हे लिहायलाच हवं.
सकाळी टायरचे माग होते, खोल, भरल्या ट्रॉलीचे,
पण तिसऱ्या खुणेपाशी ते वळले होते,
सातवीपाशीही,
अंगणात झोपलेल्या माणसाला वळसा घालावा तसे.

आणि एक वळसा असा,
जिथे आमची खूण नव्हतीच.
नाना म्हणाले, दगड आला असेल चाकाखाली.
इंदूताई थांबल्या. वाकल्या.
मोकळ्या वाळूकडे आम्ही सहाजण बघत राहिलो,
आणि मग वाळूतूनच तीन ठिपकेदार वाळू वेगळी झाली.
बारावं.
दिवे बंद असलेल्या ट्रॅक्टरला दिसलेलं.

वहीत 'नोंद कुणाची' असा रकाना आहे.
संध्याकाळी पुलावर त्याला आडनाव विचारलं.
नाव लिखा, म्हणाला, आडनाव नको ताई,
तलाठी वाचस.

तर बारा : भिला.
पुढचे रकाने कोरे आहेत.
धरणाचं आवर्तन एकोणीसला सुटतंय असं ऐकतो,
पाण्याला इथवर यायला किती दिवस, कुणी नक्की सांगत नाही.
नाना रोज पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात जाऊन बसतात.
रुचिराने घरटी मोजायचं सोडून
दिवस मोजायला घेतलेत.