एक बाई, पान ५७

सेलूला, वाचनालयाच्या माडीवर
सूचीकारांचं पहिलंच अधिवेशन.
खुर्च्या साठ, माणसं तेवीस,
त्यातली दोन मंडपवाल्याची,
पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून थांबलेली.

छातीवर बिल्ला: वत्सला, आणि पुढे कोरी जागा.
माहेरचं लिहू की सासरचं?
हलगेसर म्हणाले, दोन्ही लिहा,
एकापुढं नुसतं 'पाहा' टाका.
हसलो सगळे.
असले विनोद एवढ्याच माणसांना कळतात.

सकाळचं सत्र अनुस्वाराचं.
अंबड आधी की अकोला?
जिंतूरचे लोखंडे हमरीतुमरीवर आले,
टिंब म्हणजे काय भाताचं शीत आहे
कुठंही चिकटायला?
ळ ला कुठं बसवायचं, यावर चहा दोनदा झाला.
बिचारा एका शब्दाच्या तोंडाशी येत नाही कधी,
तरी त्याच्यासाठी एवढं भांडण.
मग एक नियम एकमतानं:
पुस्तकात नाही ते सूचीत नाही.
मीही मान डोलावली.

दुपारी येसर, भाकरी, कांदा.
जेवणं झाल्यावर लातूरच्या पोरानं पडदा लावला.
चारशे पानांचं पुस्तक यंत्रात,
चार सेकंदांत सूची बाहेर.
पाणी: दोनशे बारा ठिकाणी.
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या,
चिठ्ठ्या लावून लावून बोटाला पडलेलं घट्टं
आत दुमडून.

काझीसाहेब उठले.
जन्म गेला दफ्तरखान्यात,
उजवीकडून, डावीकडून, दोन्हीकडून वाचणारा माणूस.
"बेटा, पाणी सापडलं, छान झालं.
पण जिथं पाणी हा शब्दच नाही,
नुसती घागर रिकामी परत आलीय,
ते पान कुठं आहे तुझ्यात?"
पोरगं प्रामाणिक. म्हणालं, नाही येणार, सर.
"आमच्यातही यायचंच असं नाही,"
म्हणाले, आणि बसले.

मला ते कार्ड आठवलं.

बहात्तरच्या दुष्काळावर
एका निवृत्त ओव्हरसियरचं पुस्तक. सूची माझी.
कलेक्टर तीन, तहसीलदार सहा,
ठेकेदार, पाझर तलाव, सुकडीसुद्धा,
ज्याच्या त्याच्या अक्षराखाली.
पान ५७ वर खडी केंद्र:
'एका बाईनं पदरानं ढीग मोजला
आणि आमच्या टेपची चूक धरली.
गँगला अकरा रुपये जास्तीचे द्यावे लागले.'
एवढंच.
एक बाई. ए खाली घालू, की ब खाली?
दोन्हीकडं विचित्र दिसत होतं.
सोडून दिली.

वर्षभरानं मानवतहून कार्ड,
कुणा शाळकरी लेकराकडून लिहवून घेतलेलं:
'ती बाई म्हंजे आमची माय.
गयाबाई रंगनाथ खिल्लारे.
मागच्या पानावर समद्यांचे नावं हायेत,
तिचं कामून नाही?'

उत्तर दिलं नाही.
नियम लिहून पाठवणार होते का?
कार्ड ग च्या खणात ठेवलं, मग ख च्या,
मग कुठं ते आठवत नाही.

समारोपाला ठराव तीन.
ळ पुढच्या वर्षावर गेला.
आभार लांबले तेव्हा
बिल्ल्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं:

एक बाई. पाहा: खिल्लारे, गयाबाई
खिल्लारे, गयाबाई, ५७
    तिची चूक धरण्याची रीत, ५७
    तिची लेक, मानवत,

आणि तिथं अडले.
स्वल्पविरामापुढं आकडा लागतो.
कार्डाला पानं नसतात.

बिल्ला तसाच छातीवर लावला,
मागची बाजू पुढं, लक्षातच आलं नाही.
माडी रिकामी होत आली.
मंडपवाल्याचा पोऱ्या खुर्च्या एकात एक घालत
माझ्यापर्यंत पोचला, वाकून अक्षर लावलं,
म्हणाला,
"गयाबाई, उठता का? एवढी एकच राहिली."

उठले.