बैलाचं शेपूट

रात्रीचे साडेअकरा. सावर्ड्याच्या घरात पंखा, मी,
आणि चाळीस चित्रं. तास पन्नास मिनिटांचा.
वीसच्या वर गेलं की मागच्या बाकांवरची मुलं
गुहेत शिरतात, परत येत नाहीत.

तर आधी काढायचं.
लास्कोचे घोडे राहू देत, त्यांना कोण हात लावणार.
अल्तामिराचा गवा काढला. मग परत घातला.
विलेन्डॉर्फची बाई अकरा सेंटिमीटर,
माझ्या मुठीत मावेल एवढीशी,
पण पडद्यावर ती पिरॅमिडएवढीच होते.
गेल्या वर्षी ग्रेटा फुर्तादोनं विचारलं होतं,
मॅम, ही देवळाच्या दारातून आत कशी नेत असतील?
तेव्हापासून तिच्याशेजारी मी
चहाचा चमचा चिकटवलाय.

सातव्या जागी आपला बैल.
'आपला' म्हणताना माझा आवाज जरा चढतो, मला ठाऊक आहे.
उसगाळीमळ. कुशावतीच्या काठावरचा
आडवा पसरलेला चिरा.

बैलाचे माझ्याकडे दोन फोटो.
एक खडूचा: रेषांत पांढरं भरलेलं,
शिंगं, वशिंड, पाय,
आणि मागं झोकात वळलेलं शेपूट.
शेवटच्या बाकावरूनही दिसतो.
परीक्षेत मुलं तोच काढतात,
शेपटाला अर्धा गुण मी देते.
दुसऱ्यात नुसता ओला दगड, सकाळचं तिरपं ऊन,
कोपऱ्यात पुतू वेळीपाचा अनवाणी पाय.
बैल? आहे. शोधावा लागतो.

"उदक घाल, मागीर दिसतलो,"
पुतूबाब म्हणाला होता, आणि कळशीभर नदी
त्यानं दगडावर ओतली.
पाणी पसरलं, घरंगळलं, रेषांत अडलं.
जिथं अडलं तिथं बैल.
पुठ्ठ्याच्या मागं मात्र अडलं नाही,
सरळ वाहून गेलं.
मी वाकून बोटानं चाचपलं, दोनदा.
गुळगुळीत.

ते शेपूट माझं आहे.
एकविसाव्या वर्षी, कॉलेजच्या सहलीत, गुडघे टेकून,
बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत असताना.
रेष पाठीवरून आली आणि संपली,
हातातला खडू संपला नव्हता.
आणि बैलाला शेपूट असतंच की!
काराव्हालो सरांनी फोटो काढला, शाबासकी दिली.
फोटो छापला गेला, छापलेल्यावरून पुन्हा छापला गेला.
दगडावरचा खडू त्याच जूनमध्ये धुऊन निघाला.
कागदावरचा अजून ओला होत नाही.

कोण जाणे का थांबला असेल तो.
किंवा ती.
हातातली गारगोटी फुटली असेल,
नदी चढली असेल,
कुणी जेवायला हाक मारली असेल.
नाहीतर झालाच असेल पुरा, तेवढाच,
आणि तो उठून, मांडीवरची पूड झटकून,
लांबून बघत राहिला असेल.
मी विचारलंच नाही.
त्याच्या उत्तरपत्रिकेत
माझ्या अक्षरात लिहून मोकळी झाले.

बारा वाजून गेले. कोळशाची मालगाडी जाते,
खिडकीची काच बराच वेळ बोलत राहते.
खडूचा फोटो उचलून टोपलीत टाकते.
संगणक विचारतो, नक्की?
वीस वर्षं बिनचूक दिसलेला बैल.
मी उठून पाणी पिऊन येते, मग हो म्हणते.

सातव्या जागी ओला दगड.
पुतूबाबचा पाय कापत नाही,
मोजपट्टी म्हणून राहू दे, चमच्यासारखा.

उद्या पडदे ओढल्यावर डोळे बारीक करतील,
मॅम, फोटो बिघडलाय म्हणतील.
काही बोलायचं नाही, बोटही दाखवायचं नाही,
हे मी आत्ताच स्वतःला बजावून ठेवते.
चौघांना दिसेल. मग आणखी कुणाला.
आणि ताईची जुनी वही पाठ करून आलेली एखादी
हात वर करील:
मॅम, शेपूट कुठं गेलं?