मारुतीच्या कंबरेपर्यंत

बत्तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांचे ताव तपासले मी.
शाई पसरलीय का, आकडा तुटलाय का,
धागा जागेवर आहे ना.
लाल पेन्सिल. पुढचा ताव.
निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले,
निरभवण्यांच्या हातून चूक कधी सुटली नाही.
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.

ते घड्याळ आता माझ्यावर नजर ठेवतं.
शैला बालवाडीत गेली की
नऊला मी भाजी आणायला निघतो
आणि जेलरोडच्या कोपऱ्यावर पोचतो साडेदहाला.
मधला दीड तास मी दारातच असतो.
कडी. कुलूप. ओढून बघ. आत जा, गॅसची कळ.
परत कुलूप. परत कळ,
कारण मघाशी कळ बघताना
डोक्यात कुलूप होतं.

शैला आधी हसायची, मग ओरडायची,
मग रात्री नुसतीच म्हणू लागली, हो, बंद आहे.
हो, बंद आहे. चाळीस वेळा.
(चाळीसच. मोजलेत.)
बोराडे म्हणाले, रिटायर माणसाला चाळा लागतोच.
मेहुण्यांनी त्र्यंबकच्या विधीचं काढलं.

शेवटी गंगापूर रोड. खाली चष्म्याचं दुकान,
वर गर्गे मॅडम, माझ्या मुलीपेक्षा लहान.
मला वाटलं, जाडजूड पुस्तक उघडून नाव सांगतील.
त्यांनी विचारलं:
दिवसाचा किती वेळ जातो यात?
नको असताना करावं लागतं?
त्यापायी काय काय सुटलं?

मी म्हणालो, मॅडम, याच कामाचा
मला पगार मिळत होता.
त्या म्हणाल्या, तेव्हा पाच वाजता भोंगा व्हायचा ना?
तुम्ही पेन्सिल ठेवून घरी यायचात.
आता आतला भोंगा सुटी करत नाही.
आणि दर वेळी परत जाऊन कडी चाचपलीत
की त्याला ओव्हरटाइम देता तुम्ही.

मी बराच वेळ गप्प होतो.
मग त्र्यंबकचं विचारलं.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, खुशाल करा.
फक्त विधी नीट झाला ना,
हे विचारायला गुरुजींना रोज फोन करू नका.

एक छोटी गोळी, ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिली.
मॅडमनी दिला अभ्यास:
कुलूप एकदा. वळायचं नाही.
भीती शून्य ते शंभर, किती, ते वहीत लिहायचं.
म्हटलं, आकडे नकोत. आकडे म्हणजे
पुन्हा ताव, पुन्हा पेन्सिल.
मग? त्यांनी विचारलं.
मी नाशिकचा माणूस, दुसरं काय सांगणार?
म्हणालो, दुतोंड्या मारुती.

पहिल्या दिवशी मुक्तिधामच्या पायरीवर बसलो.
पाणी मारुतीच्या छातीला.
घरात गॅस पसरलेला, शैला दार उघडतेय,
सगळं दिसत होतं मला, तावावरच्या डागासारखं स्पष्ट.
गळ्याला लागलं. उठलो.
बसलो.
गंगेला पूर आला की आपण काय करतो?
दुकानं आवरतो, पुलावर उभं राहून बघतो.
हाताने कोण उपसतं?
पाऊण तासाने कंबर.
एका बाईनं प्रसादाचा पेढा दिला, तो खाल्ला.
पुढे कधीतरी गुडघे.

तिसऱ्या दिवशी मात्र परत गेलो. दोनदा.
मॅडमना सांगितलं. वाटलं, आता लाल खूण.
त्यांनी वही मिटली, म्हणाल्या,
कोपऱ्यावरून गेलात ना परत? आधी दारातूनच जात होतात.

शैलाला त्यांनी सांगितलंय, "हो, बंद आहे" म्हणायचं नाही.
तिला ते माझ्यापेक्षा जड जातं.
काल रात्री मी विचारलं,
ती ओठ घट्ट मिटून मेथी निवडत राहिली
आणि तिच्या डोळ्यांत पाणी.
कुठवर आलं होतं, ते विचारलं नाही मी.

आज कुलूप लावलं. एकदा.
मोजलं नाही, असं लिहिणार होतो;
पण एकदा म्हणजेही मोजणंच.
असू दे.
भाजीवाला म्हणाला, काका, आज लवकर?
मी म्हणालो, हो,
आणि चिल्लर न मोजता खिशात टाकली.