उंबऱ्याखालची रेघ

पेकालोंगानच्या उत्तर वस्तीत समुद्र शिरतो
तेव्हा पाऊस नसतो. लख्ख ऊन असतं,
उधाणाची तिथी असते, आणि गटारं
उलटी वाहू लागतात, कुणाला न विचारता.

मी नगरपालिकेच्या नकाशाखोलीतून आलोय.
काखेत गुंडाळी, खिशात निळी पेन्सिल,
आणि एक तक्ता: कोणत्या साली, किती सेंटिमीटर.

लासियेमबाई म्हणतात, या, पण जपून.
चौदा वर्षांत तीनदा भराव टाकलाय त्यांनी घरात.
मुरूम, फुटक्या विटा, वर सिमेंटचा हात.
जमीन चढली. छप्पर तिथंच,
छप्पर चढवायला पैसे लागतात.
दारातून येणारा जो तो कमरेत वाकतो.
"आमच्या घराइतका मान गावात कुणाला नाही,"
त्या म्हणतात, आणि हसत नाहीत.

चौकटीवर कोळशाच्या रेघा. मुलीची उंची.
बारा वर्षं. नऊ. सहा.
तिसऱ्या वर्षाची आता घोट्याशी आलेली.
आणि पहिल्यांदा उभी राहिली, ती?
त्या टाचेनं जमिनीवर टकटक करतात.

संध्याकाळी मशिदीच्या पडवीत चटया.
डोंगरावरून सुकार्दी आलाय, बटाट्याची माती नखांत.
तीच माती इथं नदीच्या तोंडात बसलीय
हे त्याला आजच कळतंय.
खालचे त्याच्याकडे बघतात, तो चटईकडे.
खैरोन म्हणतो, कोळंबीची तळी मीच का द्यायची?
कुणीतरी विचारतं, साहेब, पाणी नक्की मुरतं कुठं?
कुठंच नाही. तेच तर दुखणं.
रंगशाळा, हॉटेलं, लासियेमबाईंच्या अंगणातलीसुद्धा
खोल बोअर.
शहर स्वतःच्या पोटातलं पाणी पितंय
आणि वर्षाला चार बोटं खाली बसतंय.

मी नकाशा पसरतो. चार कोपऱ्यांवर चार पेले चहाचे.
बांधाची निळी रेघ.
"आमचं घर बाहेर पडतंय."
हो.
"कितीनं?"
चाळीस मीटर.

पंखा फिरत राहतो.
मग त्या पेन्सिल मागतात.
"बाटिकला मेण लावलं की रंग अडतो.
पण मेणाला तडा जातोच, साहेब.
जाऊ नये म्हणून मी धडपडत नाही.
कुठं जावा ते ठरवून कापड चुरगळते.
तुमच्या बांधाला तडा कुठं जाणार, ते कुठं लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं.

त्या रेघेत जागा सोडतात.
फुटबॉलचं मैदान. कबरस्तानामागची पाणथळ.
खैरोनची दोन तळी. खैरोन उठून जातो,
अनवाणीच, आणि थोड्या वेळानं परत येऊन बसतो.
सुकार्दी पुटपुटतो, उतारावर बांबू लावीन मी,
पण पहिली चार वर्षं खाऊ काय?
याला तक्त्यात जागा नाही. समासात लिहितो.

स्वतःच्या घरापाशी पेन्सिल थांबते.
रेघ वाकवून आत घ्यायला दोन बोटं पुरली असती.
त्या पेन्सिल परत देतात.
"चौकट तेवढी नेऊ द्याल?"

भरपाईच्या कागदावर दारं आहेत, खिडक्या आहेत,
नारळ नगावर.
चौकटीला रकाना नाही. मी 'इतर'मध्ये लिहितो:
सागवानी, एक, रेघांसकट.
काढायला खणावं लागेल,
तीन जमिनी खोल.